गडीवरचे गडी

कन्नडमध्ये सीमेला ‘गडी’ म्हणतात. मराठीत गडी म्हणजे राबणारा माणूस. रस्ता हा शब्द तर दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच. सीमा, राबणारी माणसे आणि रस्ता या तिन्हींचा मेळ जिथे बसतो, ती सीमा रस्ते संघटना, म्हणजेच बी.आर.ओ. आपल्या घरांत ‘सीमा’ म्हटले की १९५६ पासूनचा प्रश्न आठवतो. इथे बोलतोय ते देशाच्या सीमेबद्दल.

७ मे १९६० रोजी ही संघटना स्थापन झाली. सुरुवातीला दोनच प्रकल्प होते. एक आसामात तेजपूरला, दुसरा काश्मिरात श्रीनगरला. पुढे भूतानपासून अफगाणिस्तानपर्यंत तिने रस्ते बांधले. २०१५ पासून ती पूर्णपणे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. रोहतांग खिंडीखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा तिच्याच देखरेखीखाली झाला. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो खुला झाला आणि हिवाळ्यात बर्फामुळे कित्येक महिने तुटणारे लाहौल खोरे बाराही महिने जोडले गेले.

आपल्या चोर्ला घाटात दरड कोसळली की गोव्याची वाट अडते आणि आपण चरफडतो. तिकडे बर्फाखाली गेलेला झोजीला घाट दर वर्षी नव्याने मोकळा करावा लागतो. रस्ता एकदा बांधला की काम संपले, असे हिमालयात होत नाही.

हे करणारे कोण? लष्करातले अधिकारी, ‘ग्रेफ’ या दलाचे कायम कर्मचारी आणि झारखंडसारख्या राज्यांतून येणारे हंगामी मजूर. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणाजवळ संघटनेच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ जण अडकले, त्यांतले आठ दगावले.

‘ग्रेफ’चे केंद्र पुण्यात दिघीला आहे, म्हणजे बेळगावहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचावे इतके जवळ. सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र, बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्री. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना सैन्यभरती नवी नाही. ‘ग्रेफ’ची जाहिरात आली की माझे विद्यार्थी विचारतात, ‘सर, ही मिलिटरीच ना?’

उत्तर एका शब्दात देता येत नाही. हे दल सशस्त्र दलांचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितले. लष्करी कायद्याची शिस्त त्यांना लागू आहे. पगार आणि निवृत्तीचे नियम मात्र नागरी सेवेचे, आणि निवृत्तीनंतर ‘माजी सैनिक’ हा दर्जा नाही. शिस्त सैनिकाची आणि हक्क नागरी नोकराचे, अशी ही मधली जागा आहे. म्हणून पालकांना माझे सांगणे इतकेच, की मुलाला जरूर पाठवा, पण पगाराचा आकडा पाहण्याआधी सेवेच्या अटी त्याच्यासोबत बसून वाचा. नोकरी चांगली आहे, पण ती कशी आहे हे घरच्यांनाही ठाऊक हवे.

आणि गावाकडूनही एक अपेक्षा आहे. २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात सुट्टीवर आलेल्या जवानांचा सत्कार होतो, ते योग्यच आहे. त्या ओळीत एक खुर्ची बर्फात डोझर चालवणाऱ्या गड्यासाठीही ठेवावी. जवान ज्या वाटेने चौकीवर पोहोचतो, ती वाट त्याने मोकळी केलेली असते.