साक्षीदार आणि आरोपी

मोटारीच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की आपण गॅरेज गाठतो. तेथे स्टिअरिंगखालच्या खाचेत एक यंत्र जोडले जाते, त्यावर पी-०१७१ असा संकेत उमटतो, आणि लगेच निकाल लागतो : ऑक्सिजन सेन्सर गेला, बदला. आमच्या एका स्नेह्यांनी असा सेन्सर दोनदा बदलला. दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा दोष सापडला तो इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गावरच्या एका वीतभर रबरी नळीच्या चिरेत!

असे का व्हावे? पेट्रोल पुरते जळायचे, तर त्याच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, ते जळून बाहेर पडणाऱ्या वायूत उरलेल्या प्राणवायूवरून ताडता येते. त्यासाठी धूर वाहून नेणाऱ्या नळीत झिर्कोनियाची एक लहानशी टोपी बसवलेली असते. तिच्या आत मोकळी हवा, बाहेर जळका वायू. दोहोंतील प्राणवायूच्या फरकाने वीज निर्माण होते. पेट्रोल जादा असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जादा असेल तर ०.१. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वो मोटारीत प्रथम आला. (हल्लीच्या पुष्कळ मोटारींतील पुढचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत.)

या सेन्सरला दिसतो तो प्राणवायू, पेट्रोल नव्हे. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर पेट्रोल न जळता बाहेर पडते, पण सोबत न वापरलेला प्राणवायूही येतो. मग सेन्सर बिचारा 'हवा जादा' असेच सांगणार. सेन्सरच्या अलीकडे नळीला भोक पडले असले, तरी साक्ष तीच.

म्हणून पी-०१७१ आला, की त्याच यंत्रावर आणखी एक आकडा पाहावा : मोटारीचा संगणक पेट्रोलात किती टक्के भर घालीत आहे? इंजिन जागच्या जागी मंद चालत असता ही भर मोठी असेल आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना ओसरत असेल, तर हवा कोठून तरी चोरून आत शिरते आहे. उलट चढावर, भाराखाली ती वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा गाळणी तपासावी.

सेन्सर धडधाकट आहे का, हेही पाहता येते. गरम इंजिनाचा ॲक्सिलरेटर झटक्याने दाबला की व्होल्ट चढले पाहिजेत, सोडला की उतरले पाहिजेत. हालचाल आळसट असेल तर संशयास जागा आहे.

पी-०१३५ ची गोष्ट वेगळी. ही टोपी सुमारे ३०० अंशांवर तापल्यावाचून काम देत नाही, म्हणून आत विजेचा तापक असतो. तक्रार त्याच्या मंडलाची आहे. आधी फ्यूज आणि वायरिंग पाहावे. मग मीटर लावावा. काही थोडे ओहम दाखवले तर तापक शाबूत. काटा हललाच नाही तर त्याची तार तुटली, आणि अशा वेळी सेन्सर खुशाल बदलावा.