पाना भंगारात देण्यापूर्वी त्यावरची अक्षरे वाचा

आसेगाव परिसरात सोयाबीन-तुरीचा हंगाम आटोपला की माळ्यावरची जुनी पेटी खाली येते. जुन्या जीपचे, ट्रॅक्टरचे पाने तीत गंजून पडलेले असतात. भंगारवाला ते लोखंडाच्या भावाने तोलतो. पण जुन्या गाड्या जशाच्या तशा राखणारे शौकीन गाडीबरोबर कारखान्यातून आलेलाच पाना शोधतात आणि त्याला वेगळे पैसे देतात. म्हणून विकण्याआधी ओळख पटवा.

पाना रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवा, ब्रशने घासा. ग्राइंडर लावू नका. अक्षरेच निघून जातील. मग त्यावर खडू घासा म्हणजे पुसट खुणा उठून दिसतात.

आता बनावटीचे नाव पाहा. दुसऱ्या महायुद्धात विलीज व फोर्ड या दोन्ही कारखान्यांनी जीप बनवल्या. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर 'एफ' हे अक्षर ठोकले. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुष्कळदा गाडीचा कारखाना पाने दुसऱ्याकडून घेई. तेव्हा पान्यावर गाडीचे नाव नसले म्हणून तो नकली ठरत नाही. उलट, नाशिकच्या टपारियाची हत्यारे १९६९ पासूनची. त्याआधीच्या जीपच्या पेटीत टपारियाचा पाना निघाला, तर तो मागाहून घातलेला समजावा. कामाला मात्र उत्तम.

आकड्याजवळचे अक्षरही वाचा. 'ए.एफ.' असेल तर आकडा पान्याच्या तोंडाचा असतो: अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. जुन्या इंग्रजी पान्यावर 'डब्ल्यू' असेल तर आकडा बोल्टच्या जाडीचा. त्याच अर्ध्या इंचाचे तोंड सुमारे २३ मिलिमीटर भरते. अर्ध्या इंची ए.एफ. नटाला १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच नटाचे कोपरे झिजतात. ऐन पेरणीत असा नट छिनीने तोडावा लागला, तर दिवस वाया जातो.

नावाचे स्पेलिंग चुकलेले, अक्षरे वाकडी व उथळ, किंवा नुसता कागद चिकटवलेला दिसला तर सावध राहा. नव्या हत्यारावर आय.एस.आय. चिन्ह असेल, तर त्याखालचा 'सी.एम./एल.' क्रमांक 'बी.आय.एस. केअर' या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. घरातल्या शिकत्या मुलांना हे काम सांगा.

खुणा वाचून झाल्या की पाने वेगळे बांधा, तेल लावा, आणि मगच भाव बोला.