लिहून काढलेला नकाशा

संगणकात चित्र दोन तऱ्हांनी साठवले जाते. एका तऱ्हेत कागदाच्या बारीक चौकटी पाडून प्रत्येक चौकटीचा रंग नोंदवतात. मोबाइलवर काढलेला फोटो असाच असतो. तो फार मोठा केला की चौकटी दिसू लागतात आणि कडा फाटतात. दुसऱ्या तऱ्हेत चौकटींच्या रंगांऐवजी रेषा कशी काढायची हे नोंदवलेले असते: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत सरळ जा, तिथून असे वळण घे, आकृती बंद कर, आत हिरवा रंग भर. याला व्हेक्टर चित्र म्हणतात. अहवालाच्या पानावरचा तळहाताएवढा नकाशा आणि चौकातला वीस फुटी फ्लेक्स एकाच व्हेक्टर फाइलवरून छापता येतो आणि रेषा दोन्हीकडे तितकीच रेखीव येते.

छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत अशी चित्रे सहसा कोरलड्रॉमध्ये माउसने काढतात. काम एकदाच करायचे असेल तर तेच बरे. पण अहिल्यानगर जिल्ह्याच्या नकाशाचा विचार केला तर हिशेब बदलतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत मोठे, तालुके १४. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आणि ज्या नकाशांच्या माथ्यावर जुने नाव होते ते सगळे कालबाह्य ठरले. प्रत्येक तालुक्याचा स्वतंत्र नकाशा असेल तर १४ फाइली उघडायच्या. ग्रामपंचायतनिहाय नकाशे असतील तर १,३०० च्या आसपास. हेच नकाशे प्रोग्रामने काढलेले असतील तर नाव एका ओळीत बदलते, प्रोग्राम पुन्हा चालवला जातो आणि सगळ्या फाइली नव्याने तयार होतात. आकृती हाताने काढण्याऐवजी लिहून काढण्याचा खरा फायदा तो हाच.

ही कल्पना नवी नाही. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा १९८४ मध्ये आली. लेझर प्रिंटरकडे तयार चित्र न पाठवता चित्र काढण्याच्या सूचना पाठवायच्या, हे तिचे सूत्र. आधी शाईविना मार्ग आखायचा आणि मग त्या मार्गावर रेघ ओढायची किंवा त्याच्या आत रंग भरायचा, ही तिची रीत पुढे पीडीएफने उचलली आणि एसव्हीजी या व्हेक्टर फाइलप्रकारातही ती दिसते. वळणदार रेषांचे गणित त्याहून जुने. सिट्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमधले पिएर बेझिए यांनी ते मोटारींच्या बाह्याकारासाठी बसवले. दोन टोके आणि रेषेला आपल्याकडे ओढणारे दोन बिंदू, एवढ्या चार बिंदूंत एक वळण पुरते सांगता येते. आज संगणकावर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अक्षराची कड अशाच वळणांची असते.

मार्ग आखून रेघ ओढण्याची हीच रीत कैरो या लायब्ररीने सर्वांसाठी खुली केली. कीथ पॅकार्ड आणि कार्ल वर्थ यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाला २००३ मध्ये कैरो हे नाव मिळाले. पहिली पक्की आवृत्ती २००५ मध्ये आली. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरावा असा तयार कामांचा संच. तिला स्वतःची खिडकी नसते आणि बटणेही नसतात. कैरोची खुबी अशी की चित्र काढण्याच्या सूचना एकदाच लिहायच्या आणि ते कशावर उमटवायचे ते शेवटी ठरवायचे: पडदा, पीएनजी, पीडीएफ, एसव्हीजी, काहीही. फायरफॉक्स ब्राउझरने कित्येक वर्षे पाने रंगवण्यासाठी ती वापरली, आणि लिनक्सवरचे बरेचसे प्रोग्राम आपली बटणे आणि चौकटी तिच्याकडूनच काढून घेतात.

कैरो सी भाषेत लिहिलेली आहे. सी वेगवान खरी, पण तिच्यात मेमरीचा हिशेब प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठेवायचा असतो. घेतलेली जागा परत करायची राहिली की गळती, दोनदा परत केली की प्रोग्राम कोसळतो. चौदा तालुके रंगवण्यासाठी एवढा व्याप कुणी करत नाही. त्यापेक्षा पायथनसारखी स्क्रिप्टिंग भाषा बरी: लिहिलेले लगेच चालते आणि मेमरी ती स्वतः सांभाळते. मात्र लाखो बिंदूंची रेखाटणी करण्याइतकी ती चपळ नाही. म्हणून सूचना पायथनमधून द्यायच्या आणि रेखाटणी कैरोकडे ठेवायची; दोघींच्या मध्ये दुभाष्यासारखा जो थर बसतो त्याला बाइंडिंग म्हणतात. कैरो आणि पायथन यांच्यामधल्या बाइंडिंगचे नाव पायकैरो.

पायकैरो स्वतः एकही रेघ काढत नाही. पायथनमधला आकडा तो सीला समजेल अशा रूपात बदलतो आणि कैरोच्या योग्य कामाला हाक मारतो. कैरोने मेमरीत तयार केलेली वस्तू तो पायथनच्या वस्तूत गुंडाळून ठेवतो आणि ती कुणाला नकोशी झाली की जागा मोकळी करवतो. सी भाषेतली कैरो चूक झाली तरी ओरडत नाही, नुसता एक आकडा बदलून गप्प बसते. पायकैरो तो आकडा दरवेळी तपासतो आणि गडबड दिसली की पायथनच्या रीतीने चूक जाहीर करून काम थांबवतो. शिकणाऱ्याला याचा जेवढा आधार वाटतो, तेवढा बाइंडिंगच्या दुसऱ्या कुठल्याच गुणाचा वाटत नसावा. रुबी, पर्ल अशा इतर भाषांसाठीही कैरोची बाइंडिंगे आहेत. आज्ञांची नावे जवळपास तीच असल्याने एका भाषेत शिकलेले दुसरीकडे वाया जात नाही.

नकाशाच्या कामात आधी लागतात हद्दीचे बिंदू. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशातून, श्रेयाचा उल्लेख करण्याच्या अटीवर, ते अक्षांश-रेखांशांच्या याद्या म्हणून मिळतात. मग पीडीएफचा पृष्ठभाग तयार करायचा. कैरोच्या पीडीएफमध्ये एक एकक म्हणजे एक पॉइंट, इंचाचा बहात्तरावा भाग; ए-फोर कागद ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच. तालुक्याच्या पहिल्या बिंदूवर लेखणी नेऊन ठेवणारी आज्ञा ‘मूव्ह टू’, पुढच्या प्रत्येक बिंदूपर्यंत रेघ आखणारी ‘लाइन टू’, हद्द मिटवणारी ‘क्लोज पाथ’. ‘फिल’ म्हटले की आत रंग भरतो, ‘स्ट्रोक’ म्हटले की कडेने रेघ ओढली जाते. दोन्ही हवे असेल तर रंग भरताना मार्ग पुसला जाऊ नये म्हणून ‘फिल प्रिझर्व्ह’ वापरावे लागते. नवशिक्याच्या नकाशात रंग भरलेले पण हद्दी नसलेले तालुके दिसले तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

अक्षांश-रेखांश कागदावर आणताना तीन गोष्टी आडव्या येतात. कैरोत खाली जावे तसा उभा आकडा वाढतो, अक्षांश मात्र उत्तरेकडे वाढतात. उभी दिशा उलटवली नाही तर कोपरगाव तळाशी जाते आणि श्रीगोंदा माथ्यावर येते. दुसरे म्हणजे, अहिल्यानगरच्या आसपास, साधारण १९ अंश अक्षांशावर, रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा असतो आणि अक्षांशाचा १११ किलोमीटरचा. दोन्हींना एकच माप लावले तर जिल्हा पूर्व-पश्चिम थोडा फुगतो. म्हणून आडव्या मापाला ०.९४५ ने गुणायचे.

तिसरी अडचण खरी गमतीची. जिल्हा पूर्व-पश्चिम जेमतेम दोन अंशांचा, तेव्हा ए-फोर कागदावर एका अंशाला २५० पॉइंट हे माप सोयीचे पडते. ते कैरोला ‘स्केल’ या आज्ञेने एकदा सांगितले आणि आरंभबिंदू जिल्ह्याच्या कोपऱ्यावर सरकवला की पुढे थेट अक्षांश-रेखांश देता येतात. पण माप बदलल्यावर लेखणीची जाडीही त्याच मापाने मोजली जाते. जाडी एक लिहिली तर ती एक अंश होते: कागदावर जवळजवळ नऊ सेंटिमीटर, जमिनीवर शंभरावर किलोमीटर. सगळा जिल्हा त्या एका काळ्या पट्ट्याखाली जातो. उपाय असा: माप बदलण्याआधी ‘सेव्ह’ म्हणून स्थिती राखून ठेवायची, बदललेल्या मापात मार्ग आखायचा, ‘रिस्टोअर’ने मूळ माप परत आणायचे आणि मग अर्ध्या पॉइंटची रेघ ओढायची. मार्ग जिथल्या तिथे राहतो, लेखणी तेवढी बारीक होते. हे एकदा नीट समजले की कैरोचा निम्मा अभ्यास झाला असे म्हणायला हरकत नाही.

पडद्यासाठी पीएनजी, म्हणजे चौकटींचे चित्र, काढताना आणखी एक बारकावा सांभाळावा लागतो. कैरोचे पूर्णांक चौकटींच्या मधल्या फटींवर पडतात. त्यामुळे एक चौकट जाडीची रेघ पूर्णांकावर ओढली तर ती दोन्ही बाजूंच्या चौकटींत अर्धी-अर्धी वाटली जाते आणि पुसट दिसते. आकड्यात अर्धा मिळवला की ती ठसठशीत होते. पीडीएफमध्ये चौकटीच नसल्याने ही काळजी करावी लागत नाही.

यानंतर नावे, आणि मराठीसाठी सगळ्यांत अवघड घाट इथेच आहे. कैरोत ‘शो टेक्स्ट’ नावाची सोपी आज्ञा आहे. कैरोचे कर्तेच तिला खेळण्यातली म्हणतात आणि ते खरेही आहे. ती अक्षरे संगणकात ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने एकेक करून मांडत जाते. राहाता तालुक्यातल्या शिर्डीचे नाव घेतले तर साठवणीतला क्रम असा: श, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्ताची खूण, ड, दीर्घ वेलांटी. लिहिताना मात्र ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी यायला हवी आणि ‘र’ने रफार होऊन ‘डी’च्या डोक्यावर बसायला हवे. खेळण्यातल्या आज्ञेला यातले काहीच ठाऊक नाही. ती वेलांटी ‘श’च्या मागे ठेवते आणि पाय मोडलेला ‘र’ वेगळा उभा करते. इंग्रजी नावे बिनचूक आणि मराठी नावे मोडकी, असे नकाशे दिसतात ते बहुधा अशाच कारणाने.

हे काम पँगो आणि हार्फबझ या आणखी दोन लायब्रऱ्यांचे. हार्फबझ फाँटमधले नियम वाचून कोणत्या अक्षरासाठी कोणते चित्र घ्यायचे आणि ते नेमके कुठे बसवायचे हे ठरवते; पँगो ओळी पाडते आणि मजकुराची रुंदी-उंची मोजून देते; कागदावर उमटवते कैरोच. पायथनमधून पँगो वापरायला दुसरे बाइंडिंग लागते आणि पायकैरोने तयार केलेली लेखणी त्याच्या हाती सोपवावी लागते. पँगो लांबी पॉइंटच्या १,०२४ व्या भागात मोजते हे विसरले तर तालुक्याच्या मध्यावर यायचे नाव कागदाबाहेर जाते. उभी दिशा उलटवलेली असतानाच नावे लिहिली तर ती डोक्यावर उभी राहतात, म्हणून नावांआधीही ‘रिस्टोअर’ हवे. फाँट युनिकोडचा हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा नोटो सान्स देवनागरी असे चांगले फाँट फुकट मिळतात. श्रीलिपीच्या जुन्या सांकेतिक फाँटांत साठवलेल्या नावांच्या याद्या मात्र आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि तो उद्योग चित्र काढण्याहून वेळखाऊ ठरू शकतो.

आकडे रोज बदलतात तिथे ही पद्धत सर्वांत उपयोगी पडते. पावसाळ्यात जिल्ह्याचे लक्ष धरणांतल्या साठ्याकडे असते. मुळा धरणाची क्षमता २६,००० दलघफू (दशलक्ष घनफूट), भंडारदऱ्याची ११,०३९ आणि निळवंड्याची ८,३२०. वर्तमानपत्राला रोज तीन वर्तुळे काढून साठा दाखवायचा असेल तर प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि रोज फक्त तीन आकडे द्यायचे. इथे चूक होते ती चित्रकलेत नव्हे, गणितात. मुळेची क्षमता भंडारदऱ्याच्या २.३५ पट आहे म्हणून त्रिज्याही २.३५ पट घेतली तर वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेपाच पट होते आणि मुळा वाजवीपेक्षा दुपटीहून मोठे दिसते. डोळा क्षेत्रफळ पाहतो, त्रिज्या नाही. म्हणून त्रिज्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे १.५३ पट घ्यायची. प्रोग्राममध्ये हे वर्गमूळ एकदा लिहिले की पुन्हा पाहावे लागत नाही. माउसने वर्तुळ ओढणाऱ्याला ते रोज लक्षात ठेवावे लागते.

सगळे काढून झाले की पृष्ठभागाला ‘फिनिश’ सांगायचे. पीडीएफच्या शेवटी आतल्या भागांची सूची असते आणि कैरो ती याच वेळी लिहिते. ते राहून गेले तर फाइल दिसते पण उघडत नाही. पायथनच्या ‘विथ’ रचनेत पृष्ठभाग तयार केला तर हे आपोआप होते. वापरलेल्या फाँटमधली लागणारी अक्षरचित्रे कैरो फाइलीतच भरून देते, त्यामुळे छापखान्यातल्या संगणकावर तो फाँट नसला तरी नाव बदलत नाही.

कैरो आणि पायकैरो दोन्ही मुक्त परवान्याखाली आहेत. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांवर ती तयार मिळतात आणि छापखान्याला किंवा कार्यालयाला त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. लग्नाचा एखादा फ्लेक्स, दुकानाचा बोर्ड अशा कामांना त्यांचा काही उपयोग नाही. तिथे नजर आणि माउस हवा. जिथे एकच आकृती वेगवेगळ्या नावांनी आणि आकड्यांनी पुन्हा पुन्हा काढावी लागते, तिथे मात्र हाताने काढत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. शिकू पाहणाऱ्याने एका तालुक्यापासून सुरुवात करावी आणि तो पाथर्डी घ्यावा: तिथे रफार जागेवर बसला की उरलेल्या तेरा नावांत पँगो सहसा अडवत नाही.