देह नसलेल्या मशीनची ओळख

बेळगावहून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग आणि पिरनवाडीनंतर मच्छे येतं. इथल्या ‘ज्ञानसंगम’ परिसरात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या व्हीटीयूचं मुख्यालय आहे. विद्यापीठ १९९८चं. त्याच वर्षी अमेरिकेत व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने साध्या पीसीच्या पोटात दुसरा पीसी चालवून दाखवला. आयबीएमने हे १९६०च्या दशकातच साधलं होतं, पण खोली व्यापणाऱ्या यंत्रांवर. आज इंजिनिअरिंगच्या मुलांना लिनक्सच्या खिडकीत विंडोज उघडण्याचं काहीच वाटत नाही. ती आतली विंडोज अ‍ॅक्टिव्हेशन मागते तेव्हा मात्र मोठा गमतीचा पेच पडतो: हे लायसन्स नक्की कोणत्या मशीनचं?

२००१ साली विंडोज एक्सपी आली तेव्हा उत्तर सरळ होतं. विंडोज मशीनचे दहा तपशील चाचपायची: प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे. त्यावरून एक छोटी खूण बनवून ती प्रॉडक्ट कीबरोबर मायक्रोसॉफ्टकडे नोंदवली जाई. एखाददुसरा भाग बदलला तर चाले, बरेच बदलले की पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन.

पण अशा मशीनच्या आत चालणाऱ्या मशीनला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, चाचपायला अंगच नाही. अशी मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममधल्या नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस एरवी ०८:००:२७ने सुरू होतो. हे आकडे पीसीएस सिस्टिमटेक्निक या जर्मन कंपनीच्या नावावर नोंदलेले आहेत, आणि तिचं कार्ड तिथे कुठेच नसतं! व्हीएमवेअरमध्ये तर मशीनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतो. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. बहुतेकदा त्याची सुरुवात ‘५६ ४डी’ अशी असते, आणि संगणकाच्या संकेतांत हे म्हणजे ‘व्ही’ आणि ‘एम’. ही फाइल दुसरीकडे नेऊन मशीन सुरू केलं की व्हीएमवेअर विचारतो: हलवलंत की कॉपी केलंत? ‘हलवलं’ म्हटलं तर जुनी ओळख टिकते. ‘कॉपी केलं’ म्हटलं तर नवा यूयूआयडी, नवा मॅक अ‍ॅड्रेस, आणि विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकते. एका बटणावर मशीन ‘तेच’ की ‘दुसरं’ हे ठरतं. मला यातलं सर्वांत थक्क करणारं हेच वाटतं.

मोठ्या संस्थांसाठी विंडोज व्हिस्टापासून केएमएस ही वेगळी पद्धत आली. इथे संस्थेच्याच नेटवर्कवरचा एक सर्व्हर इतर मशीनना मान्यता देतो. मात्र किमान २५ मशीन (सर्व्हर आवृत्त्यांसाठी ५) त्याच्याकडे आल्याशिवाय तो कोणालाच दाद देत नाही. मान्यता १८० दिवसांची असते आणि मशीन दर सात दिवसांनी ती वाढवून घ्यायला येतं. सुरुवातीला या मोजणीत व्हर्च्युअल मशीन धरत नसत. विंडोज ७पासून धरू लागले.

लॅब सांभाळणारे चक्रावतात ते इथे. एक मशीन नीट तयार करून त्याच्या तीस प्रती काढल्या, सगळ्या चालू केल्या, तरी सर्व्हरवरचा आकडा एकाच्या पुढे सरकत नाही. तीस मुलांनी एकाच रोल नंबरला ‘हजर सर’ म्हणावं, तसं होतं. प्रत्येक विंडोजमध्ये सीएमआयडी नावाचा क्रमांक असतो आणि प्रतीबरोबर तोही जसाच्या तसा उतरतो. म्हणून प्रती काढण्याआधी मूळ मशीनवर सिसप्रेप हा प्रोग्राम ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवायचा. तो जुनी ओळख पुसून टाकतो, मग प्रत्येक प्रत आपापला क्रमांक घेते.

२०१३च्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ने आणखी पुढची पायरी गाठली. डेटासेंटर आवृत्तीचा, स्वतः अ‍ॅक्टिव्हेट झालेला सर्व्हर आपल्या हायपर-व्हीवर, म्हणजे विंडोजच्याच व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीवर, चालणाऱ्या पाहुण्या विंडोज सर्व्हरना इंटरनेटशिवाय मान्यता देतो. अंग असलेलं यंत्र अंग नसलेल्याची हमी घेतं. माझ्या मते सगळ्यांत सुंदर तोडगा हाच.

केएमएसवरच्या लॅबमध्ये दोन प्रतींवर शेजारीशेजारी ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलव्ही’ पर्यायासह देऊन बघा. उरलेली मुदत आणि सीएमआयडी दोन्ही समोर येतात, आणि सिसप्रेप चालवायचं राहिलं होतं का, ते लगेच कळतं.