गोल्फपटूंची वेगळी चूल

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस वेगळ्या चुलीचा प्रसंग नवा नाहीं. मिळवता भाऊ एके दिवशीं आपली कमाई आणि घरांतील आपला वाटा यांचा हिशेब करूं लागतो. वडील माणसें म्हणतात, ‘ज्या घरानें तुला लहानाचा मोठा केला, त्याची कांहीं चाड?’ तो म्हणतो, ‘मी राबतों म्हणून हें घर चालतें.’ दोघांचेंही म्हणणें खरें असतें, आणि म्हणूनच हा तंटा सहजासहजीं मिटत नाहीं. असाच एक तंटा २०२२ सालीं गोल्फ खेळणाऱ्या धंदेवाईक खेळाडूंमध्यें उभा राहिला. त्यांतील पैशाचे आंकडे वाचून डोळे फिरतात. परंतु आंकड्यांखालचा प्रश्न आपल्या माजघरांतलाच आहे. म्हणूनच ही हकीकत येथें सविस्तर सांगावीशी वाटली.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा ठिकाणीं लहानशीं भोकें केलेलीं असतात. काठीनें चेंडू टोलवीत तो एकेका भोकांत घालावयाचा. सर्वांत कमी टोल्यांत जो अठराही भोकें पुरीं करील तो श्रेष्ठ. मोठ्या स्पर्धेंत असा फेरा चार दिवस चार वेळां, म्हणजे एकंदर ७२ भोकांचा, होतो. दोन दिवस संपले कीं चाळणी लागते. मागें पडलेले खेळाडू घरीं जातात, आणि बहुतेक स्पर्धांत त्यांना एक कवडीही मिळत नाहीं. प्रवास, मुक्काम, काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी, या सर्वांचा खर्च मात्र ज्याचा त्यानें सोसावयाचा. ठराविक पगार नाहीं, पेढीची हमी नाहीं. चांगला खेळलास तर जेवशील, असाच या धंद्याचा जुना दंडक होता.

हा दंडक चालविणारें थोरलें घर म्हणजे अमेरिकेंतील ‘पीजीए टूर’. मौजेची गोष्ट ही कीं, हें घरही एका वेगळ्या चुलीपासूनच वाढलेलें आहे. १९६८ पर्यंत अमेरिकेंतील धंदेवाईक स्पर्धांचा कारभार गोल्फ शिकविणाऱ्या व क्लबांत नोकरी करणाऱ्या गुरुजनांच्या संघाकडे होता. पुढें दूरचित्रवाणीचा पैसा येऊं लागला, आणि तो कोणाच्या हातीं राहावा यावरून वाद पेटला. अर्नोल्ड पामर, जॅक निकलॉस यांच्यासारखे नामांकित खेळाडू बाहेर पडावयास निघाले. अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तडजोड झाली आणि स्पर्धा खेळणाऱ्यांचा स्वतंत्र विभाग निघाला. तोच पुढें पीजीए टूर या नांवानें ओळखला जाऊं लागला. म्हणजे ‘खेळणारे आम्ही, तर कारभारही आमचा’ या वाक्यावर ज्या घराचा पाया, त्याच घराला चोपन्न वर्षांनीं तेंच वाक्य उलट ऐकावें लागलें.

तें ऐकविणाऱ्यांत अग्रभागीं होते ऑस्ट्रेलियाचे ग्रेग नॉर्मन. आपल्या काळांत हे गृहस्थ जगांतील पहिल्या क्रमांकाचे खेळाडू होते. १९९४ सालीं त्यांनीं निवडक खेळाडूंची एक जागतिक मालिका काढण्याची योजना मांडली होती. टूरचे त्या वेळचे आयुक्त टिम फिंचेम यांनीं जो जाईल त्याच्यावर बंदी येईल असा इशारा दिला, आणि योजना बारगळली. पुढें १९९९ सालीं टूरनें स्वतःच जागतिक स्पर्धांची एक मालिका सुरू केली, तेव्हां आपली कल्पना उचलली गेली असें शल्य नॉर्मन यांच्या मनांत राहिलें असल्यास नवल नाहीं. १९९४ सालीं त्यांच्यापाशीं कल्पना होती, पण टूरच्या धाकाला पुरून उरेल एवढें भांडवल नव्हतें. २०२१ च्या अखेरीस तें मिळालें. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीनें नव्या लीगला पैसा पुरविला, आणि नॉर्मन तिचे मुख्याधिकारी झाले. या निधीचे अध्यक्ष खुद्द सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान.

नव्या लीगचें नांव ‘लिव्ह’. रोमन आंकड्यांत हें ५४ होतात. कारण येथें चार दिवसांऐवजीं तीन दिवस, ५४ भोकांचाच खेळ. खेळाडू फक्त ४८, त्यांचे बारा संघ, सर्वांनीं निरनिराळ्या भोकांपासून एकाच वेळीं सुरुवात करावयाची, आणि मुख्य म्हणजे चाळणी मुळींच नाहीं. पहिली स्पर्धा लंडनजवळील सेंच्युरियन क्लबावर ९ जून २०२२ रोजीं सुरू झाली. बक्षिसांची एकूण रक्कम २ कोटि ५० लक्ष डॉलर. दक्षिण आफ्रिकेचे शार्ल श्वार्ट्झेल हे जिंकले. त्यांना वैयक्तिक ४० लक्ष, आणि संघाच्या वांट्याचे साडेसात लक्ष डॉलर निराळे मिळाले. शेवटच्या क्रमांकावर येणाऱ्यालाही १ लक्ष २० हजार डॉलर ठेवलेले होते. तुलनेसाठीं एवढेंच सांगतों कीं, त्याच वर्षीं जुलैंत सेंट अँड्र्यूज येथें दीडशेवी ‘ओपन’ स्पर्धा झाली. गोल्फच्या जगांत याहून पवित्र क्षेत्र नाहीं. तिच्या विजेत्याला २५ लक्ष डॉलर मिळाले. सही करतांना नामांकितांस जी रक्कम मिळे, ती याहून वेगळी. टायगर वुड्स यांना ७० ते ८० कोटि डॉलरांच्या आसपासचा देकार होता, असें नॉर्मन यांनींच नंतर सांगितलें. वुड्स यांनीं तो नाकारला.

सर्वांनींच नाकारला असें नाहीं. फिल मिकल्सन, डस्टिन जॉन्सन, सर्जिओ गार्सिया हे पहिल्याच स्पर्धेंत उतरले. पहिला चेंडू टोलविल्यास अर्धा तासही झाला नसेल, तोंच टूरनें आपल्या १७ सभासदांना निलंबित केल्याचें जाहीर केलें. तरी ओघ थांबला नाहीं. ब्रायसन डीशॅम्बो आले, ब्रुक्स कोएप्का आले. आणि जुलैंत ओपन जिंकलेले कॅमेरॉन स्मिथ ऑगस्टअखेर तिकडे गेले.

याच सुमारास गेलेलें एक नांव आपल्या घराजवळचें आहे. अनिर्बान लाहिरी यांचा जन्म १९८७ सालीं पुण्याचा. वडील सैन्यांत डॉक्टर, आणि वडिलांच्याच बोटाला धरून ते लहानपणीं हा खेळ शिकले. २०१५ सालीं अमेरिकेंतील पीजीए चँपियनशिपमध्यें ते पांचव्या स्थानावर बरोबरींत आले. तेथपर्यंत कोणी भारतीय पूर्वीं पोंचला नव्हता. मार्च २०२२ मध्यें टूरच्या सर्वांत मानाच्या ‘प्लेयर्स’ स्पर्धेंत अवघ्या एका टोल्यानें त्यांचा विजय हुकला. जिंकले ते हेच स्मिथ. टूरवर इतकीं वर्षें घालवूनही लाहिरींना एकही अजिंक्यपद मिळालें नव्हतें. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या आरंभीं बॉस्टनजवळच्या स्पर्धेंत लाहिरी आणि स्मिथ दोघेही नव्या लीगकडून पहिल्यानेंच उतरले. लाहिरी बरोबरी सोडविण्याच्या जादा खेळापर्यंत पोंचले, परंतु जॉन्सन यांनीं लांबून मारलेला चेंडू भोकांत गेला आणि येथेंही विजय हुकला. मात्र पुढच्या वर्षीं त्यांच्या संघानें लीगचें सांघिक अजिंक्यपद मिळविलें. पैशाची विवंचना मिटली. परंतु त्याची किंमतही होती. ऑलिंपिकची निवड जागतिक क्रमवारीवरून होते, आणि नव्या लीगच्या स्पर्धांना क्रमवारीचे गुण देण्यास त्या मंडळानें ऑक्टोबर २०२३ मध्यें नकार दिला. रिओ व टोकियो या दोन्ही ऑलिंपिकांत भारतातर्फे खेळलेले लाहिरी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत दिसले नाहींत. हा सौदा तोट्याचा कीं फायद्याचा, हें परक्यानें ठरवूं नये. एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, जाणारा प्रत्येकजण लोभी आणि राहणारा प्रत्येकजण साधु, अशी वांटणी करणें सोपें नाहीं.

पैसा कोठून येतो, हाही प्रश्न होताच, आणि तो लहान नव्हता. २०१८ च्या ऑक्टोबरांत जमाल खशोगी या पत्रकाराचा इस्तंबूल येथील सौदी वकिलातींत खून झाला होता. २००१ सालीं अमेरिकेवर हल्ला करणाऱ्या १९ जणांपैकीं १५ सौदी नागरिक होते. त्या दिवशीं ज्यांचीं माणसें गेलीं त्या कुटुंबांनीं खेळाडूंना उघड जाब विचारला. खेळाच्या हिरवळीनें राजवटीवरचे डाग झांकण्याचा हा उद्योग आहे, असें टीकाकार म्हणाले. मिकल्सन यांना तर त्या राजवटीचें स्वरूप पुरतें ठाऊक होतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत त्यांनीं तसें सांगितलें, आणि तरीही टूरला वांकविण्याची ही संधि असल्याचें म्हटलें. या उघडेपणाबद्दल त्यांना क्षमा मागावी लागली आणि कांहीं आश्रयदातेही गमवावे लागले. उलट खेळाडूंचें उत्तर असें कीं, अमेरिकेंतील मोठमोठ्या कंपन्या सौदी अरेबियाशीं व्यापार करतातच. मग धर्माधर्माची कसोटी एकट्या गोल्फपटूलाच कां?

टूरचे आयुक्त जे मोनाहन यांनीं मात्र नीतीचाच झेंडा उंच धरला. टूरचे सभासद असल्याबद्दल तुम्हांला कधीं कोणाची क्षमा मागावी लागली आहे काय, असा सवाल त्यांनीं जून २०२२ मध्यें दूरचित्रवाणीवरून केला. उत्तर आयर्लंडचे रोरी मॅकिलरॉय यांनीं तर थोरल्या घराची वकिली आपल्या शिरावर घेतली. अनेकांनीं मोठे देकार परत पाठविले. ऑगस्टांत अकरा खेळाडूंनीं टूरवर मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. बोलाचाली तुटल्या, जुने मित्र एकमेकांकडे पाहीनासे झाले.

आणि ६ जून २०२३ रोजीं जें घडलें तें या हकीकतीचें मर्म होय. त्या दिवशीं मोनाहन आणि सौदी निधीचे प्रमुख यासिर अल-रुमय्यान हे दूरचित्रवाणीवर शेजारींशेजारीं बसले, आणि आपण एकत्र काम करण्याचें ठरविल्याचें त्यांनीं जाहीर केलें. कित्येक आठवडे ही बोलणीं गुप्तपणें चाललीं होतीं. ज्यांनीं निष्ठेपायीं कोट्यवधि डॉलर सोडले, त्या खेळाडूंपैकीं बहुतेकांना ही बातमी इतर जगाबरोबरच, वृत्तांतून कळली. लोक आपणांस ढोंगी म्हणतील हें आपण जाणतों, असें मोनाहन यांनीं स्वतःच कबूल केलें. दुसऱ्या दिवशीं मॅकिलरॉय म्हणाले कीं, आपण यज्ञांतील बळी ठरलों असें वाटल्यावांचून राहत नाहीं. कर्त्या पुरुषानें मुलांना ‘त्या घरचें पाणीही पिऊं नका’ अशी शपथ घालावी, आणि रात्रीं मागील दारानें जाऊन त्याच घरीं पान मांडून घ्यावें, तशांतलाच हा प्रकार झाला.

बरें, तो करार तरी तडीस जावा! ठरल्याप्रमाणें २०२३ संपण्यापूर्वीं पक्का व्हावयाचा, तो झालाच नाहीं. उलट डिसेंबरांत स्पेनचे जॉन राम, त्याच वर्षींचे मास्टर्स विजेते, नव्या लीगकडे गेले. जानेवारी २०२४ मध्यें टूरनें अमेरिकन गुंतवणूकदारांच्या एका गटाकडून ३०० कोटि डॉलरांपर्यंतचें भांडवल मिळविलें, आणि खेळाडूंना नव्या कंपनींत भाग देण्याचें ठरविलें.

यांत विशेष पाहण्यासारखें असें कीं, भांडतां भांडतां दोन्ही घरें एकमेकांसारखीं होऊं लागलीं. टूरनें २०२३ पासून कांहीं निवडक स्पर्धांचीं बक्षिसें २ कोटि डॉलरांपर्यंत वाढविलीं. पुढच्या वर्षीं यांतील बहुतेक स्पर्धांत खेळाडूंची संख्या कमी केली आणि चाळणीही काढून टाकली. जी गोष्ट शेजाऱ्यानें केली म्हणून नांवें ठेविलीं, तीच घरांत आली. इकडे ज्या लीगनें ५४ हा आंकडा आपल्या नांवांत कोरला होता, तिनें २०२६ पासून ७२ भोकें खेळण्याचें ठरविलें. जे राहिले त्यांना वाढलेलीं बक्षिसें मिळालीं, तीं जे गेले त्यांच्यामुळेंच, हेंही खरें. पण सर्वांचेंच भलें झालें असें नाहीं. २०२६ पासून टूरवर हक्कानें खेळणाऱ्यांच्या जागा १२५ वरून १०० वर आल्या. वरच्या पंक्तींत तूप वाढलें आणि शेवटच्या पंक्तींतले पाट उचलले गेले. शंभराच्या आणि सव्वाशेच्या दरम्यान जो कोणी आपल्या काठ्या उचलून गांवोगांव हिंडतो, त्याला या भांडणांत कोणीं मत विचारलें नव्हतें.

गेलेल्यांचें कौशल्य गेलें नव्हतें. चार प्रमुख स्पर्धांनीं त्यांना दार बंद केलें नाहीं. कोएप्का यांनीं २०२३ सालीं पीजीए चँपियनशिप आणि डीशॅम्बो यांनीं २०२४ सालीं यूएस ओपन जिंकली. परंतु मनें कोठें तरी अडकलीं असावींत. २०२५ च्या अखेरीस कोएप्का यांनीं नवी लीग सोडली, आणि जानेवारी २०२६ मध्यें टूरनें त्यांना परत घेतलें. दंडादाखल पांच वर्षें कंपनींत भाग नाहीं, आणि ५० लक्ष डॉलर धर्मादाय द्यावयाचे. तोच मार्ग राम, डीशॅम्बो व स्मिथ यांना खुला केला असतां त्यांनीं तो त्या वेळीं नाकारला. घर सोडणारा भाऊ परत आला तर त्याला दार उघडावें, पण ओसरीवर थोडें बसवावें, हा आपल्याकडचाही रिवाज आहे.

या साऱ्यांतून आपण काय घ्यावें? कौशल्य ज्याचें त्यानें त्याची किंमत मागावी, यांत पाप नाहीं. १९६८ सालीं पामर व निकलॉस यांनीं तेंच केलें. त्याचप्रमाणें घराची मर्यादा सांभाळण्यासाठीं कोणी मोठा लाभ सोडला, तर तो मूर्ख नव्हे. पण निष्ठा ही एकतर्फी मागतां येत नाहीं. जें घर मुलांकडून त्यागाची अपेक्षा करतें, त्यानें पैशाचा हिशेब त्यांच्यापुढें उघडा ठेवावा. आणि तडजोड करावयाची झाल्यास ती सर्वांना बसवून, दिवसाउजेडीं करावी. खेळाडू निघून गेले म्हणून टूरची जेवढी बेअब्रू झाली नाहीं, तेवढी त्या एका जूनच्या सकाळीं झाली. आपल्या घरांत असा प्रसंग येऊं नये हें उत्तम. आलाच, तर वडील माणसांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, म्हणजे चुली दोन झाल्या तरी सणावाराला पंक्ति एकच राहील.