बॅजर ब्रश बिघडतो तो बुडापासून

दाढीचा ब्रश हातात घेतला की आपण बघतो ती त्याची टोकं. मऊ आहेत, पांढरी आहेत, म्हणजे ब्रश ठणठणीत, असं ठरवून मोकळे होतो. बॅजरच्या केसांच्या ब्रशची खरी दुखणी मात्र बुडाशी असतात, जिथे केसांचा झुबका मुठीच्या खाचेत गोंदाने घट्ट बसवलेला असतो. या ब्रशच्या निगेबद्दलचे बहुतेक गैरसमज तिकडे कुणी बघत नाही म्हणूनच टिकून आहेत.

सगळ्यांत पसरलेला समज म्हणजे, रोज फेस होतो तेव्हा ब्रश आपोआप धुतला जातोच. साबणात बुडणारी वस्तू घाण राहीलच कशी? राहते, आणि साबणामुळेच राहते. दाढीच्या बहुतेक साबणांत आणि ट्यूबमधल्या क्रीममध्ये स्टिअरिक ॲसिडपासून बनलेला साबण असतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातलं कॅल्शियम त्याला भेटलं की पाण्यात न विरघळणारा पांढरट चिकटा तयार होतो. आंघोळीच्या बादलीला आतून जो थर धरतो, त्याच जातीचा. टोकांवरून तो वाहून जातो, पण झुबक्याच्या पोटात अडकून बसतो. कोरडा ब्रश उजेडात धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी मधले केस बाजूला करून बघा. मुळाशी मेणासारखं पांढुरकं काही दिसलं, केसांच्या जाडसर बटा झालेल्या असल्या, तर ब्रश तुंबलेला आहे. असा ब्रश पाणी कमी धरतो, फेस लवकर विरतो आणि दोष मात्र क्रीमला मिळतो.

उपाय स्वस्त आहे. थोडासा साधा शांपू तळहातावर घेऊन कोमट पाण्यात ब्रश फेसाळून धुवा. मग कपभर कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर, किंवा ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड चिमूटभर टाका. त्यात फक्त केस पाचेक मिनिटं बुडवून अधूनमधून हलवा. मूठ पाण्याबाहेर राहू द्या. शेवटी वाहत्या पाण्याखाली निवळ पाणी निघेपर्यंत धुवा. क्षाराच्या पाण्याला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एवढं पुरतं.

केस म्हटले की आपल्याकडे हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, हल्ली कंडिशनरकडे. ब्रशला दोन्ही नकोत. तेल फेस मोडतं. कंडिशनरचा थर साचत गेला की ब्रश लिबलिबीत होतो आणि गालावर उभाच राहत नाही.

उकळत्या पाण्याने ब्रश ‘शुद्ध’ होतो, हा समज सगळ्यांत महागात पडतो. बॅजरचा केस आपल्या केसांसारखाच केराटिनचा. उकळत्या पाण्याने तो ठिसूळ होतो, बुडाचा गोंद सैल पडतो, मुठीला तडा जाऊ शकतो. हाताला सोसेल तेवढंच गरम पाणी वापरावं. जंतूंच्या भीतीला इतिहास आहे, हे मात्र मान्य करायला हवं. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणाऱ्या बॅजरच्या केसांचा पुरवठा तुटला, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून ब्रश बनवले गेले. त्यातले नीट निर्जंतुक न केलेले ब्रश वापरून ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना ॲन्थ्रॅक्स झाला. नोंदलेले रुग्ण 200 हून अधिक होते. त्यामुळे 1920 मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशच्या आयातीवर बंदी घातली. पण तो दोष कच्च्या केसांवरच्या प्रक्रियेचा होता आणि त्याचा बंदोबस्त कारखान्यातच व्हावा लागतो. ॲन्थ्रॅक्सचे बीजाणू फार चिवट असतात. किटलीतलं पाणी ओतून ते मरतील असा भरवसा कुणी धरू नये. म्हणून कुठून आला याचा पत्ता नसलेला जुना, प्राण्याच्या केसांचा ब्रश स्वस्तात मिळाला तरी चेहऱ्याला लावू नये. आणि आपला ब्रश दुसऱ्याला देऊ नये, घरातल्यालाही.

ब्रश उलटा टांगला नाही तर पाणी बुडात उतरून केस कुजतात, असं स्टँड विकणारे सांगतात. ऐकायला पटतं. पण केसांमधल्या बारीक फटींत पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं, आणि एवढ्याशा अंतरात गुरुत्वाकर्षणाचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. टांगा किंवा उभा ठेवा, फरक नगण्य. फरक पडतो तो आधी पाणी किती काढलं आणि हवा किती लागते याने. ब्रश धुतल्यावर मुठीत दाबा, दोन-चार झटके द्या, कोरड्या पंचावर फिरवा. पिळू मात्र नका. पिळताना केस मुळाशी तुटतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात ब्रश दुसऱ्या दिवशीही ओलाच सापडतो आणि महिन्याभरात कुबट वास मारू लागतो. तिथे तो बाहेरच्या खोलीत वाऱ्यावर ठेवावा. जमल्यास दोन ब्रश आलटून पालटून वापरावेत. ओला ब्रश प्रवासाच्या डबीत बंद करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

रात्रभर भिजवण्याचीही गरज नाही. आंघोळ होईस्तोवर केस पाण्यात राहिले तरी पुष्कळ. तासन्‌तास भिजल्याने लाकडी किंवा शिंगाची मूठ फुगून चिरते.

नव्या ब्रशला जनावराचा वास येतो, तो दोष नव्हे. दोन-चारदा फेस करून धुतला की जातो. सुरुवातीला काही केस गळतात, तेही सुटे राहिलेलेच असतात. महिने उलटूनही रोज गळत असतील तर मात्र आपला हात तपासावा. ब्रश गालावर दाबून गोल गोल घुसळला की मधले केस बुडाशी मोडतात आणि झुबक्याच्या मध्यावर खड्डा पडतो. फेस उठला की रंगारी हात मारतो तसे हलके, मागे-पुढे हात मारावेत. हे केस एका प्राण्याचे आहेत, त्यामुळे ब्रश पाच-दहा वर्षं चालवणं एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो, असं मला मनापासून वाटतं. हात हलका असूनही झुबकेच्या झुबके निघत असतील तर गोंद सुटला आहे. तेव्हा मूठ फेकू नये. चांगल्या मुठीत नवा झुबका बसवता येतो.