कॅमेऱ्याखालची तिपाई : घेण्यापूर्वी वजन करा

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील आपले बरेच तरुण निकाह-वलीम्याच्या चित्रीकरणातून पुढे जाऊन जाहिराती, लघुपट आणि मालिकांच्या कामाकडे वळू पाहत आहेत. नायगावला मालिकांचे सेट उभे राहतात, म्हणजे काम घराजवळ आहे. हे तरुण भांडवलासाठी आम्हा व्यापाऱ्यांकडे येतात. त्यांच्या हिशेबात कॅमेरा व लेन्स यांच्या किमती बारकाईने मांडलेल्या असतात. ट्रायपॉडपुढे मात्र उरलेली किरकोळ रक्कम असते. आमचा धंदा कापडाचा. पण ज्यात घरची पुंजी घालायची ती वस्तू समजून घेतलीच पाहिजे. म्हणून जाणकारांकडून विचारून घेतलेली माहिती येथे देत आहोत.

ट्रायपॉड म्हणजे दोन वस्तू : खालचे तीन पाय आणि वरचे हेड. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवणे याला पॅन आणि वर-खाली झुकवणे याला टिल्ट म्हणतात. साध्या हेडमध्ये धातूवर धातू घासतो, त्यामुळे सुरुवातीला हेड अडते आणि मग एकदम सुटते. पडद्यावर तो धक्का स्पष्ट दिसतो. फ्लुइड हेडमध्ये फिरणाऱ्या भागांच्या मध्ये घट्ट द्रव असतो. जितक्या जोराने फिरवाल तितका तो विरोध करतो, म्हणून चाल एकसारखी राहते. या विरोधाला ड्रॅग म्हणतात. स्वस्त हेडवर 'फ्लुइड' असा शब्द छापलेला असतो, पण आत कित्येकदा नुसते ग्रीस असते.

दुसरी गोष्ट काउंटरबॅलन्सची. कॅमेरा पुढे झुकवला की त्याचे वजन त्याला आणखी खाली ओढते. हेडमधील स्प्रिंग तेवढ्याच जोराने उलट ओढते आणि कॅमेरा सोडाल तेथे थांबतो. हे काम पुढे नेणाऱ्यांत अमेरिकेतील इंजिनिअर चॅडवेल ओ'कॉनर यांचे नाव घेतले जाते. वाफेच्या आगगाड्यांचे चित्रीकरण हा त्यांचा छंद होता. धावती गाडी कॅमेऱ्यात संथपणे टिपता यावी म्हणून त्यांनी असे हेड बनवले. १९७५ सालासाठी त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

आता खरेदीचा मुद्दा. दुकानदार सांगतो, "हे हेड आठ किलो पेलते." येथे सावध राहावे. सोनी एफएक्स ३ हा कॅमेरा बॅटरी व कार्डासह सुमारे ७१५ ग्रॅमचा. पण लेन्स, पिंजरा, माइक, मॉनिटर आणि मोठी बॅटरी जोडली की हाच सरंजाम तीन किलोवर सहज जातो. अॅलेक्सा मिनीचे नुसते धडच सुमारे २.३ किलोचे आहे. म्हणून सगळे सामान जोडून काट्यावर वजन करावे, मगच दुकानात जावे.

नुसते वजनही पुरेसे नाही. त्याची उंचीही पाहावी लागते. चार किलोच्या कॅमेऱ्याचा भारमध्य टिल्टच्या आसापासून दहा सेंटिमीटरऐवजी पंधरा सेंटिमीटर वर गेला, तर स्प्रिंगला दीडपट काम पडते, म्हणजे जणू सहा किलोच. वरच्या बाजूला मॉनिटर, माइक लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तसेच हेडचे कमीत कमी वजनही विचारावे. हलका कॅमेरा भारी स्प्रिंगवर ठेवला तर तो झुकतच नाही, मागे उसळतो.

दुकानात परीक्षा अशी करावी. कॅमेरा प्लेटवर पुढे-मागे सरकवून तोल साधावा. ड्रॅग शून्यावर आणावा. मग कॅमेरा तीसेक अंश झुकवून, हात खाली धरूनच, पकड सैल करावी. पुढे पडला तर स्प्रिंग अपुरी, मागे आला तर जास्त, जागी राहिला तर बरोबर. नंतर लांब पल्ल्याची लेन्स लावून सावकाश पॅन करून थांबावे. चित्र थांबल्यावर किंचित परत फिरले, तर पाय पिळवटत आहेत असे समजावे. अशा पायांवर उत्तम हेडही वाया जाते.

हेड बसण्याच्या वाटीचे माप ७५, १०० किंवा १५० मिलिमीटर असते. १०० च्या पायांवर अडॅप्टर घालून ७५ चे हेड बसते, उलट मात्र होत नाही. पुढे मोठा कॅमेरा घ्यायचा असेल तर पाय १०० चेच घ्यावेत. लोकलने सामान नेणाऱ्याला कार्बन फायबर हलके पडते. अॅल्युमिनियम स्वस्त, पण जड. वसई किल्ल्यासारख्या ओबडधोबड जागी (तेथे चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते) पायांना मध्यभागी जोडणारा स्प्रेडर सोयीचा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर काम झाले की पाय गोड्या पाण्याने पुसून, वाळवूनच मिटावेत. खारी वाळू सांध्यात राहिली की पाय अडकू लागतात.

एकदम विकत घेण्याचीही गरज नाही. अंधेरीत असे सामान दिवसाच्या भाड्याने मिळते. दोन-तीन कामे भाड्याच्या हेडवर करून पाहावीत. वर्षाला किती दिवस लागेल याचा हिशेब मांडावा, आणि भाडे किमतीच्या जवळ जाऊ लागले की मगच खरेदी करावी. व्याजाच्या कर्जापेक्षा दोघा-तिघांनी भागीदारीत, लेखी करार करून घेतलेले बरे.

कॅमेऱ्याची नवी मॉडेले येत राहतात आणि जुन्याची किंमत उतरते. चांगले हेड व पाय मात्र जपून वापरले तर दोन-तीन कॅमेऱ्यांना पुरतात. निकाहचा 'कबूल है' पुन्हा चित्रित करता येत नाही. तो क्षण हलला तर गिऱ्हाईकही गेले आणि नावही. पुंजी थोडी असेल तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्यावा, पण त्याखालची तिपाई कच्ची घेऊ नये.